दार नंबर चारवरचा अनोळखी

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून कळंबच्या शीतगृहातल्या कॉम्प्युटर रूमची जबाबदारी माझी. प्रोबेशन महिन्याभराचं. मॅनेजर रामनाथ सर म्हणाले, दारांवरच्या मशीनचा लॉग रोज बघत जा, कोण कुठं जातं ते कळायला हवं. बघितला. ‘५.११, दार २, कार्ड ०१९.’ चौदा पानं नुसते आकडे. माणूस एकही नाही.
मलाही कार्ड मिळालं. नंबर कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून मी न वाचताच त्यावर माझ्या नावाचं स्टिकर चिकटवलं. बाकी कोणी एवढी काळजी घेतलेली दिसत नाही.
सहाला माझं दार, म्हणजे नंबर चार, लावलं. स्टँडवर पोचल्यावर वाटलं, लागलं का? परत आले. नुसतं ओढून खात्री होत नाही, म्हणून कार्ड लावून उघडलं आणि पुन्हा बंद केलं. तीनदा. गेटवरचे वॉचमन गोकुळभाऊ बघत होते. त्यांना म्हटलं, कोणाला सांगू नका, सर हसतील. त्यांनी शब्द दिला. तेवढ्यात नारायणगावची बस गेली.
निश्चय: ही सवय उद्यापासून बंद.

४ नोव्हेंबर
सवय बंद केली. संध्याकाळी परत गेले ते फक्त डबा विसरला म्हणून. गेलेच होते तर दार बघितलं. हे धरायचं नाही.

६ नोव्हेंबर
व्हिडिओ बघून मोठी गोष्ट शिकले. लॉगला बाहेरची यादी जोडायची. लॉगमध्ये नुसतं ०१९ असतं. यादीत ०१९ म्हणजे चांगदेव, कॉम्प्रेसर ऑपरेटर. दोन्ही जोडलं की लॉगच सांगतो, चांगदेव आत गेला. अशा यादीला लुकअप टेबल म्हणतात.
हे काम माझ्या हाडातच आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, तीस वर्षं एसटीत कंट्रोलर. शाळेत जायच्या आधी मी अक्षरं शिकले ती बसच्या पाट्यांवर आणि त्यांच्या रजिस्टरवर. त्यांचे नियम तीन. वेळ टाकल्याशिवाय नोंद नाही. खाडाखोड नाही. आणि नोंद ठेवणाऱ्यानं स्वतः नोंदीत यायचं नाही. तीस वर्षांत त्यांनी ड्रायव्हर लिहिले, कंडक्टर लिहिले, स्वतःचं नाव एकदाही नाही.

७ नोव्हेंबर
टेबल तयार. एक्केचाळीस माणसं, एक्केचाळीस ओळी. प्रत्येकाचं आधार कार्ड बघून. चांगदेव म्हणाला, मी जन्मापासून चांगदेवच आहे. तरी बघितलं. अण्णांचे तिन्ही नियम पाळले. जे कार्ड यादीत नसेल त्याच्यापुढे आपोआप ‘अनोळखी’ येईल अशी सोय केली. असं कोणी निघायचं नाही, पण सोय असावी.

१० नोव्हेंबर
टेबल जोडलं. फक्त संध्याकाळी सहानंतरच्या नोंदी घेतल्या. दिवसा सगळे कामावर असतात, दिवसा कोण कशाला घुसेल.
निघाला. अनोळखी. दार नंबर चार. रोज ६.२० ते ६.३० च्या दरम्यान. तीनदा उघडतो, तीनदा लावतो. काही नेत नाही.
मस्टरप्रमाणे मी ६.०५ ला गेलेली असते. म्हणजे मी जायची तो वाट बघतो.

११ नोव्हेंबर
सरांना सांगितलं. सरांनी मालकांना फोन केला. मालक २९ ला येणार. तोवर माणूस सापडला नाही, तर गेट पुण्याच्या एजन्सीला आणि गोकुळभाऊ घरी. अकरा वर्षं आहेत ते इथं. हॉर्नवरून ट्रक ओळखतात.
इतकं होईल असं वाटलं नव्हतं. सरांना म्हटलं, काळजी करू नका, चार दिवस पुरेत.
संध्याकाळी जाऊन दार बघितलं. हा बंदोबस्त आहे, सवय नव्हे.

१२ नोव्हेंबर
गोकुळभाऊंचा जबाब घेतला. विचारलं, माझ्या मागे दार चारवर कोण येतं? ते हसायला लागले. मी हसत नाही म्हटल्यावर थांबले. म्हणाले, “म्हाईतीये मला कोन हाय ते. पन शबूद दिलाय ताई, मी न्हाई सांगनार.” म्हटलं, तुमची नोकरी जाईल. तर म्हणाले, जाऊंद्या, तुमीच जरा इचार करा.
दिवसभर विचार केला. एवढा चांगला माणूस, पण कोणाला तरी पाठीशी घालतोय.

१५ नोव्हेंबर
काल रजेवर होते. डिंभ्याला कल्याणीचं, मामेबहिणीचं, लग्न होतं. जाताना बस मिळाली, येताना टेम्पो.
आज लॉग बघितला. काल अनोळखी आलाच नाही. मागे जाऊन बघितलं, रविवारीही नाही. मी असते त्याच दिवशी येतो. माझी रजा त्याला कळते. माझ्यावर पाळत आहे.
चार दिवस संपले. सरांना म्हटलं, अजून एक टेबल लागेल.

१८ नोव्हेंबर
दुसरं टेबल: एसटीचं वेळापत्रक. अण्णांकडून घेतलं. जोडल्याबरोबर उजेड पडला. तो येतो ते बरोबर नारायणगावची बस कळंबला थांबते तेव्हा. म्हणजे त्याला त्या बसनं जायचं असतं आणि तो ती सोडतो. म्हणजे आरोपी नारायणगावचा! मीही तिथलीच, त्यामुळे त्याच्या मनात काय चालतं ते मला बरोबर कळेल.
जेवताना अण्णांना सांगितलं. ते बराच वेळ भाकरी चघळत राहिले. मग म्हणाले, “रोज बस सोडनारं आपल्या गावात कोन हाय गं?” म्हटलं, एवढं मोठं गाव आहे, कोणीही असेल. आई पाणी प्यायला म्हणून उठली ती आतच बसली.

२१ नोव्हेंबर
आज कळस झाला. ६.२५ ला मी स्वतः दार चारपाशी होते (चष्म्याचं घर विसरलं होतं). दार उघडून पाहिलं, आत कोणी नाही. बाहेर कोणी नाही. व्हरांड्यात मांजरसुद्धा नाही. आणि लॉगमध्ये ६.२५, अनोळखी!
माझ्या डोळ्यांदेखत. मशीनच्या घड्याळातच काही केलं असणार. टेबलात ‘धूर्तपणा’ असा नवा रकाना घातला. त्याच्यापुढे लिहिलं, ‘अति’.

२६ नोव्हेंबर
संशयितांची यादी संपत आली. चांगदेव सुटला, तो सहाला आळेफाट्याच्या जीपमध्ये बसतो, ड्रायव्हरनं सांगितलं. त्याच्या चपलेचं माप मागितल्यापासून तो माझ्याशी बोलत नाही.
बाकी राहिलं एकच नाव. अहवालात लिहिलं: ‘वॉचमन गोकुळ यांना अनोळखी इसम माहीत असून ते त्यास सामील आहेत.’ आज दुपारीच त्यांनी गेटजवळचा कढीपत्ता तोडून दिला होता, आईसाठी. पण खाडाखोड नाही. कढीपत्ता घरी नेला. आमटी मला गेली नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार. दुपार
बैठक अकराला. मालक, सर, चांगदेव, गोकुळभाऊ. भिंतीवर माझा लॉग, मोठ्या अक्षरात.
अहवाल वाचला. गोकुळभाऊंचं नाव आलं तेव्हा मी वर बघितलं नाही. मालकांनी त्यांना विचारलं, माहीत आहे? ते म्हणाले, व्हय. कोण? म्हणाले, शबूद दिलाय सायेब. टोपी हातात धरून उभे होते. माझ्याकडे बघतही नव्हते. मालकांनी एजन्सीला लावायला फोन काढला.
मला वाटलं, निदान काम तरी नीट दाखवावं. म्हटलं, एक मिनिट सर, हे टेबल माणूस कसं ओळखतं ते सगळ्यांसमोर दाखवते. तेवढ्यापुरत्या आजच्या अकरानंतरच्या नोंदी भिंतीवर घेतल्या, जाऊन माझं कार्ड दार चारला लावलं आणि आत येऊन भिंतीकडे बघितलं.
११.२६. दार ४. अनोळखी.
कार्ड नीट लागलं नसेल म्हणून पुन्हा लावलं. अनोळखी. खात्रीसाठी तिसऱ्यांदा.
सरांनी वेळेची अटच काढायला सांगितली. काढली. सकाळी नऊपासून अनोळखीच अनोळखी, महिनाभर. डब्याच्या सुट्टीतसुद्धा.
चांगदेव उठला, जवळ आला आणि फार आदबीनं म्हणाला, “म्याडम, तुमचं आधार कार्ड बघू.”
मालकांनी फोन खिशात ठेवला. गोकुळभाऊंनी टोपी घातली. बाहेर पडताना मला हळूच म्हणाले, “म्या काय बोललो न्हाई हां, ताई.”

१ डिसेंबर, सोमवार
गोकुळभाऊ गेटवर आहेत. माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. त्यांची माफी मागितली. बरीच वाक्यं तयार करून नेली होती. दुसऱ्या वाक्याला त्यांनी विचारलं, च्या झाला का?
टेबलात बेचाळिसावी ओळ घातली. कार्ड ०४२, यशोधरा, कॉम्प्युटर रूम. अहवाल खोडला नाही. खाली लाल शाईनं लिहिलं, ‘चूक माझी’, आणि वेळ टाकून सही केली.
काल अण्णांना विचारलं होतं, नोंद ठेवणाऱ्यानं नोंदीत यायचं नाही असं तुम्हीच शिकवलंत ना? ते म्हणाले, “आगं, माझं नाव डेपो मॅनेजरच्या रजिस्टरात असायचं की.”
हे त्यांनी मला वीस वर्षांत सांगितलं नव्हतं.
६.०५. दार लावलं. एकदाच. निघाले.
६.२४. डबा हातात आहे. चष्म्याचं घर पर्समध्ये आहे. परत आले. कारण सापडलं नाही.
गोकुळभाऊंनी गेट आधीच उघडून ठेवलं होतं. म्हणाले, “या, पावणं.”