सलीमनं दुकान सोडलं

२१ मे
आज सकाळी पूजा अर्धी टाकून बसस्टँडवर गेलो. सलीम खामगावच्या गाडीत खिडकीशी बसलेला. माझ्या लग्नाआधीपासून कृषी केंद्राचा काउंटर त्यानं सांभाळला, आणि निघताना मांडीवर एकच पिशवी. खाली उभं राहूनच पगार वाढवतो म्हणालो. तो हसला. चहा झाला का भाऊ, एवढंच विचारलं. गाडी सुटली.

२२ मे
शटर उघडायच्या आधीच बीटी कपाशीच्या बियाण्यासाठी रांग. लोक ज्या वाणासाठी अडून बसतात, तोच वितरक मोजका देतो. वर प्रत्येक थैलीमागे पिकाच्या टॉनिकच्या बाटल्या घ्यायला लावतो. त्या आम्ही शेतकऱ्याच्या गळ्यात मारतो. चिखलीतले सगळेच दुकानदार मारतात.
सुलतानपूरचा एक म्हातारा आत डोकावला. "मानूस नाही का कोनी?" मी म्हटलं, मी हाय ना. "तुमी त मालक हा," म्हणाला, आणि पायरीवर जाऊन बसला. रांग हसली. मीही हसलो. झोंबलं.

२४ मे
सलीमच्या मेव्हण्याच्या हाती निरोप धाडला. पगार, दिवाळीला बोनस, वाटल्यास नफ्यात हिस्सा. उत्तर आलं, नको. तिकडे खामगावला तेलाच्या मिलमध्ये पगार इथल्याहून कमीच आहे म्हणे. मग गेला कशाला?
आमची ही भाकरी वाढत होती. ऐकून घेतलं, मग म्हणाली, "त्यानं मांगलं काय होतं, अन् तुमी देऊन काय राह्यले?"


२५ मे
मागितलं होतं त्यानं. महिन्याच्या सुरुवातीला लोक टॉनिक घेईनात, तेव्हा मीच त्याला म्हणालो, तू सांग, तुझं ऐकतात. त्यानं सांगितलं. त्याच्या गावची गोदाबाई आली, एकटी शेती करते. कशाला लागते, किती टाकायचं, काही विचारलं नाही. सलीम म्हन्ते त दे, म्हणाली, आणि बाटल्या ओटीत घेऊन गेली.
ती गेल्यावर तो काउंटरवरून उठला. "बाटल्या तुमी खपवा भाऊ, मी काही म्हनत नाही. पन माह्या तोंडून नका खपवू."
सीझन जाऊ दे, मग बघू, असं काहीतरी मी म्हणालो. दमला असेल असं वाटलं.

२८ मे
खामगावला जाऊन आलो. मिलच्या फाटकाशी भेटला. अंगाला सरकीच्या पेंडीचा वास. लिंबाखाली बसलो. घरच्यांची विचारपूस झाली, उन्हाचं बोलून झालं, बोलणं संपलं. परत चल हे काही तोंडातून निघेना. शेवटी विचारलं, इथं करमते का?
"इथं मले कोनी काही इचारत नाही भाऊ. बरं वाटते."
अर्धा तालुका ज्याला विचारून पेरायचा, तो माणूस. येताना गाडीत नामस्मरण करत होतो. सारखं चुकत होतं.

३१ मे
वितरकाचा माणूस जीप घेऊन आला. आधी बियाण्याच्या थैल्या उतरवल्या, मग टॉनिकचे खोके. मी हमालांना थांबवलं. गोदामातले जुने खोकेसुद्धा बाहेर काढायला लावले. तो माणूस हसला, शेठ आज खुशीत दिसता म्हणाला. मी थट्टा करत नाही, खोके परत ने म्हणतोय, हे मग त्याच्या ध्यानात आलं. "मंग बियानं इसरा यंदा." उतरवलेल्या थैल्याही त्यानं परत चढवल्या.
रांगेला मीच सांगितलं, तो वाण आपल्याकडे नाही, दुसरा आहे, बाटलीशिवाय नुसता मिळेल. बरेच जण समोरच्या दुकानात गेले. तिथं बाटल्या घ्याव्या लागतीलच.
सलीमला कळवलं नाही. त्याला बोलवायला केलं, असं त्याला वाटायला नको. पण बोलवायलाच केलं की काय, हे देवघरातल्या महाराजांच्या फोटोपुढे बसूनही सांगता येईना.
खोके गेले, एवढं खरं.