घरचा दगड

चैत्र वद्य दशमी, सन १९३५

प्रिय कोकिळा,

अनेक आशीर्वाद. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. दुसरी पास झालेल्या बाईला एवढी सवलत द्यायला हरकत नाही. पण हसून झालं की एक कर. हे पत्र शेषराव दाजींच्या पुतण्याकडून वाचून घेऊ नकोस. वेळ लागला तरी एकटीने वाच आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच ठेवून दिलंस तर सगळंच बिघडेल.

आपल्या मसणवट्यातून रस्ता जाणार, ही बातमी धामणगाव बढ्यापर्यंत पोचली म्हणे. बातमी खरी आहे. कापसाच्या गाड्यांना सरकी काढायच्या जिनाकडे जायला लांबचा वळसा पडतो, म्हणून इथल्या म्युनिसिपल कमिटीने मसणवट्याच्या मागच्या अंगाने रस्ता काढायचं ठरवलं आहे. अक्षय्य तृतीयेच्या, आपल्या अखजीच्या, दुसऱ्या दिवशी खोदाई सुरू होणार. खुंट्या ठोकून झाल्या, चुन्याच्या रेघाही मारून झाल्या. तुमच्या गावचे उत्तमराव परवापासून बाजारासाठी इथेच आहेत, ते सांगत होते की हे ऐकल्यापासून तुझं जेवणावर मन नाही. तर आधी हे ऐक. कडुलिंबाखालच्या दगडाला कोणी हात लावणार नाही. तो रस्त्यापासून दीडशे पावलं लांब आहे. परवाच त्याला चुना दिला. तू जेवत जा.

माझी अन्नावरची वासना मात्र उडाली आहे. तुला आठवतं, मी ही नोकरी धरली तेव्हा घरात केवढं महाभारत झालं होतं? आई कपाळावर हात मारून म्हणाली होती, "कुणब्याचं पोट्टं वावर सोडून मसनात चाकरी करते! तुले पोरगी कोन देईन बे?" तिचं भाकीत खरं ठरलं, कोणी दिली नाही. तू तेवढी माझ्या बाजूने भांडलीस. म्हणालीस, "दादा तिथं हाय तर माह्या किसनले एकटं वाटनार नाही." त्या दिवशी मी मळ्यात जाऊन रडलो होतो, हे तुला ठाऊक नाही. तुला वाटलं मी तुझ्या लेकराची राखण करायला तिथे गेलो. ते अर्धंच खरं होतं.

काम तसं वाईट नाही. पावसाळ्यात खड्डे दबतात, त्यांत मुरूम भरायचा. लेकरांच्या ताज्या खड्ड्यांवर बाभळीच्या काट्या रचायच्या, नाहीतर कोल्ही उकरतात. भोवतीचं काट्यांचं कूप धड ठेवायचं, बकऱ्या हाकलायच्या, वहीत नाव आणि तारीख लिहायची. गावच्या पाटलापेक्षा जास्त माणसं माझ्या ताब्यात आहेत आणि एकही उलटून बोलत नाही, असं मी लोकांना गमतीने सांगायचो. हल्ली सांगत नाही.

फाल्गुनात कमिटीचा ओव्हरसियर मोजणीची साखळी घेऊन आला. म्हणाला, भरलेली जागा कोणती आणि मोकळी कोणती, ते नकाशावर दाखवून द्या. मी त्याला सोळा वर्षांचा आमचा शिरस्ता सांगितला, दगड तिथे माणूस. दगडांच्या जागा मी एक एक करून दाखवल्या. मग तो मागच्या अंगाकडे वळला. तिथे नुसतं कुसळी गवत, एकही दगड नाही. "इकडे काय?" त्याने विचारलं. मी म्हणालो, मोकळी आहे. त्याने तसं लिहिलं आणि खाली मी सही केली. कोकिळा, ती जागा मोकळी नाही. हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

आता मानमोडीच्या तापाच्या साथीतला तो दिवस काढावाच लागतो. तू तापाने फणफणलेली, आई आणि बाबा खाटेवर, शेषराव तिकडे धामणगावात अंथरुणाला खिळलेले. किसन सकाळी गेला. पाच महिन्यांचं लेकरू. घरात पायांवर उभा मी एकटाच. आईने पडल्यापडल्याच जात्याची फुटकी पाळू दाखवली. लेकरावर घरचाच दगड ठेवायचा, हा तिचा नेम. वर म्हणाली, "जात्याच्या आवाजाबिगर ते झोपत नव्हतं. हाच दगड ने." एका खांद्यावर किसन आणि डोक्यावर ती पाळू घेऊन मी निघालो. अंगात मलाही ताप चढत होता. कडुलिंबापर्यंत पोचलो आणि मान भरून आली, म्हणून पाळू तिथे उतरवली. तिथेच खणावं असं मनात होतं. पण खड्डे खणणारा गडी, कारभारी, लांबून ओरडला, "तिथं नोको बे, हातभर खाली खडक हाय! इकडे आन!" मी मागच्या अंगाला गेलो. गावातलं लाकूड संपलं होतं, म्हणून मोठी माणसंही पुरत होते. लांबलचक चर खणला होता. त्यात किती होते ते मी मोजलं नाही. कारभारीने हात पुढे केले, मी किसनला त्याच्या हातात दिलं आणि पळालो. माती लोटायलाही थांबलो नाही. लेकराच्या खड्ड्यात टाकायचं मीठ कमरेला बांधलेलं तसंच घरी परत आलं. पाळू लिंबाखालीच राहिली.

घरी आलो तर तुला शुद्ध आली होती. तू पहिलं हेच विचारलंस, "दगड ठेवला ना रे दादा?" मी म्हणालो, ठेवला. कुठे, म्हणून विचारलंस. मी म्हणालो, कडुलिंबाखाली. दगड खरोखरच तिथे होता, म्हणून ते शब्द तोंडातून सहज निघाले. दुसऱ्या दिवशी मी आडवा झालो. पंधरा दिवसांनी उठलो तोवर कारभारीही गेला होता. चर बुजवून सपाट केला होता, आणि तो नेमका कुठून कुठे होता हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. ती जागा शोधायला मी नोकरी धरली. सोळा वर्षं शोधतो आहे. दर अखजीला तू किसनच्या नावाची पाण्याची घागर पाठवतेस ना, ती मी दगडावर कधीच ओतली नाही. मागच्या अंगाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत थेंब थेंब शिंपतो. कुठेतरी त्याच्यापर्यंत पोचत असेल.

तुला हे आधी सांगता आलं असतं. आई जाण्याच्या आधी सांगता आलं असतं, दर दिवाळीला भाऊबीजेच्या पाटावर बसलो तेव्हा सांगता आलं असतं. पण बायकांनी मसणात यायचं नाही ही रीत, आणि त्या रीतीआड मी लपून बसलो. तू कधी बघायला येणार नव्हतीस. मी भित्रा आहे, कोकिळा. दुसरं काही कारण नाही.

खुंट्या ठोकल्या त्या दिवशी मात्र राहवलं नाही. कमिटीचे अध्यक्ष भगवंतराव यांच्या घरी गेलो आणि सही खोटी आहे हे सांगितलं. माणूस वाईट नाही, पण चिडले. "इंद्रभान, तूच लिहून देल्लं का जागा मोकयी हाय. आता म्हनतं भरेल हाय. एक तरी वारस आन, जो म्हनन का माहं माणूस इथं हाय. मंग मी रस्ता पलीकडून नेतो." मामा वारसात धरत नाहीत. शिवाय माझ्या तोंडावर आता विश्वास कोणी ठेवावा? साथीत ज्यांची माणसं गेली अशा पाच-सहा घरी फिरलो. बायका म्हणाल्या, आमचं माणूस तर त्या दगडाखाली आहे, त्या चिंचेजवळ आहे. पुरुष मात्र माझ्याकडे न बघता पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिले. तेव्हा मला कळलं, घरात खोटं सांगून बसलेला मी एकटाच नव्हतो. त्यांच्यातलं एकही कमिटीपुढे येणार नाही.

अखजीच्या आदल्या दिवशी सकाळी कमिटी जागेवर येऊन हरकती ऐकणार आहे. त्यासाठीच हे पत्र. तू ये. उत्तमराव परत जाताना हे पत्र तुझ्या हातात देतील आणि त्या दिवशी पहाटे छकड्यातून तुला इकडे आणतील, मी त्यांच्याशी बोललो आहे. शेषरावांना खरं सांग, ते आले तर उत्तम. नाही आले तरी ये. बाईमाणूस मसणात कसं आलं म्हणून गाव तोंडात बोट घालेल, घालू दे. त्या लिंबाच्या दगडाकडे जाऊ नकोस, त्याच्या खाली कोणी नाही. ज्या दगडाच्या आधाराने तू सोळा वर्षं काढलीस तोच मी काढून घेतो आहे, हे मला कळतं. माझ्याशी आयुष्यभर बोलली नाहीस तरी चालेल. पण त्या सकाळी तेवढं एकदा बोल. चुन्याच्या रेघेच्या आत उभी राहा आणि भगवंतरावांना सांग की माझा किसन इथे आहे. ते विचारतील, नेमका कुठे? तेव्हा माझ्याकडे बघू नकोस, मला ते सांगता येणार नाही. तू म्हण, ही सगळीच जागा माझ्या लेकराची आहे. मी ती पाळू डोक्यावर घेऊन तुझ्या मागे उभा असेन. तू दाखवशील तिथे ठेवीन.

तुझाच, वाट बघणारा दादा
इंद्रभान