दुकानातला मधला खांब

आप्पा,

तुम्ही कामाला होतात ते कापडाचं दुकान अजून उभं आहे. मालक बदलले, पाटी बदलली, पण बेळगावात त्या चौकाला लोक अजून जुन्याच नावानं ओळखतात. तुमच्या वेळी लग्नाचा बस्ता बांधायला निपाणी-बोरगावची अख्खी घरं तिथं यायची. नवरी मुलीला शालू पसंत पडेपर्यंत तुम्ही न कंटाळता घड्या उलगडत बसायचात. मी डबा घेऊन यायचे आणि जिन्यावर बसून त्या मुलींचा हेवा करायचे. सकाळी दुकान उघडलं की तुम्ही मधल्या खांबावर तळहात टेकवून डोळे मिटायचात. तुमचं बघून बाकीचेही टेकवू लागले. मग कुणी कुंकू लावलं, दसऱ्याला झेंडूची माळ आली, आणि बस्ता घेऊन निघालेली गिऱ्हाइकंसुद्धा खांबाला नमस्कार करू लागली.

एका दसऱ्याला मीही हात जोडले, तेव्हा तुम्ही मला बाजूला घेतलंत. "देवाबिवाचं काय न्हाय गं त्यात. दुकान ऐसपैस दिसावं म्हणून मालकांनी शेजारचा खांब काढलाय. समदा भार ह्याच्यावर हाय. हालतोय का बघतोय मी." मालकांना सांगून बघितलं होतंत, ते हसले होते. या वयात दुसरीकडं कोण ठेवून घेणार, असंही म्हणालात. तेव्हापासून संध्याकाळी तुमच्या चपला दारात वाजेपर्यंत मला घास जात नसे.

आता तुमची नात तिथं कामाला आहे, वरच्या मजल्यावर, लहान मुलांच्या कपड्यांत. किती ठिकाणी हेलपाटे घातले तेव्हा कुठं ही नोकरी लागली. सध्या सरकता जिना बसवायला तिथली फरशी फोडताहेत. इंजिनिअर बघून गेलेत म्हणे. असतीलही. पण तिचा फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावते.

काल राहवलं नाही, गेले. खांबाला गुळगुळीत पांढरा रंग दिलाय, माळ मात्र ताजी होती. मी तळहात टेकवला. आत काहीतरी थरथरत होतं. ते वरचं फरशी फोडायचं मशीन होतं, खांब होता की माझाच हात, कळेना. तुम्हाला तरी रोज कळत होतं का, आप्पा? तेवढ्यात लेक खाली आली. "आई, काय करतीयास गं इथं?"

"नमस्कार," मी म्हटलं.

तिनंही हात जोडले. नोकरी कायम होऊ दे, असं पुटपुटली आणि वर निघून गेली.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला ठाऊक नाही, घडी घालून उशीखाली ठेवीन. एक मात्र तुम्हाला सांगायला हवं. ती वर गेल्यावर मी डोळे मिटले आणि तुम्ही बजावलं होतंत तरी त्या खांबाकडं मागितलंच, माझी पोरगी खाली येईपर्यंत उभा राहा.