पुलाच्या अलीकडे पत्रा

॥ श्री ॥

इंदिरानगर, नाशिक
२ सप्टेंबर १९९७

चि. सौ. नवसाबाईस चंद्रभागेचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र लिहिणे भाग पडले, त्याचे कारण आधी सांगते. तुझ्या नवऱ्याने आमच्या प्रश्नावलीत खोटे लिहिले आहे, आणि ते खोटे रोज पहाटे बारा बायकांना टेम्पोत मागे बसवून दिंडोरी रस्त्याने पंचवटीच्या फुलबाजारात जाते.

प्रश्नावली कसली, हे धोंडीरामने तुला सांगितले नसणारच. अंग टेकले की पायांत वळवळ सुरू होते आणि उठून चालल्याशिवाय ती थांबत नाही, हे दुखणे आमच्या वडिलांना, दादांना होते, मला आहे, माझ्या या धाकट्या भावालाही आहे. दादा रात्रभर बांधावरून फिरत आणि गाव त्यांना कष्टाळू म्हणे. इथल्या डॉक्टरांनी त्याला इंग्रजी नाव दिले, दोन प्रश्न विचारले, गोळी लिहिली आणि पुढच्याला आत बोलावले. बाहेर बाकावर आम्ही सातजण होतो. बाकावर कसले, सगळे उभेच! तिथेच ठरले की आपले प्रश्न आता आपणच काढायचे. दर रविवारी माझ्याकडे सभा भरते. खुर्च्या मांडाव्या लागत नाहीत, एवढी सोय आहे. पहिली सभा दुखण्याला म्हणायचे काय यातच गेली. कोणी मुंग्या म्हणे, कोणी तिडीक. सावळीराम म्हणून एक रात्रपाळीचा वॉचमन आहे, तो म्हणाला की हाडात सोडावॉटर फसफसते. आम्ही सगळे शब्द घेतले.

अकरावा प्रश्न सावळीरामला नको होता. कामावर असताना किंवा गाडी चालवताना डोळा लागतो का, असा तो प्रश्न. मालकाच्या हाती पडला तर नोकरी जाईल, असे त्याचे म्हणणे. म्हणून मीच नियम केला की कागदावर नाव घालायचे नाही आणि कोणाचे उत्तर त्याच्यावर उलटवायचे नाही. पण धोंडीरामचे अक्षर मीच गिरवून घेतलेले आहे. अकराव्यापुढे त्याने ‘कधीच नाही’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. ज्याचा डोळा लागत नाही, तो एकही रेघ ओढत नाही. मागच्या आठवड्यात तो इकडे आला तेव्हा टेम्पोची डावी बाजू आरशापासून पार मागपर्यंत खरवडलेली होती. म्हैस आडवी आली म्हणाला. खरवडलेल्या भागात चुना भरलेला होता. म्हैस चुन्याची नसते.

तू त्याच्याजवळ असतेस. खरे काय ते लिही. नियम मी मोडला आहे, त्याचे मी बघून घेईन.

तुझी काळजी करणारी,
चंद्रभागा


मळा, ता. दिंडोरी
९ सप्टेंबर १९९७

ती. वन्संना नवसाबाईचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ह्यांनी विचारलं, आक्काचं काय म्हणणं हाय. मी म्हटलं, बायकांचं हाय, तुमच्या कामाचं नाय. वन्सं, शाळा सुटली तरी छडी तुम्ही घरी आणली, असं आमच्या टेम्पोतली भागीबाई म्हणते. मी हसले नाही, पण ती खोटं बोलत नाय.

रात्री ते झोपत नाहीत हे खरं हाय. खाटेवरून उठतात, विहिरीला फेऱ्या घालतात, परत येतात, परत उठतात. पण गाडीवर त्यांचा हात लय चांगला हाय. सगळं गाव म्हणतं. चुन्याचं मला काही ठाऊक नाही.

तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. नागपंचमीपासून मीबी संगं जाते. केबिनमध्ये बसते, तेवढीच हवा लागते. रस्ताभर मी बोलत राहते. लग्नात कोण कोण आलं होतं, कोणत्या गायीला कोणती कालवड झाली, असं विचारत राहते. उत्तर आलं नाही की दंडाला चिमटा काढते. ते हसतात. म्हणतात, म्हातारपणी तुला लाड सुचले.

झेंडू चांगला हाय. दसऱ्याला तीन खेपा होतील. सांभाळून राहा, आमच्यावरची माया कमी करू नका.

आपली,
नवसाबाई


मळा
१४ सप्टेंबर १९९७

ती. आक्कास धोंडीरामचा सा. न.

तुझं पत्र नवसाने पिठाच्या डब्यात ठेवलं होतं. भाकरीचं पीठ काढायला मी कधी जात नाही हे तिचं बरोबर, पण त्या दिवशी तिला बरं नव्हतं.

नाव घालू नका म्हणालीस, म्हणून मी कागद भरला. आता अक्षर ओळखून जाब विचारतेस? पन्नाशी उलटली तरी हात पुढे कर म्हणतेस, आक्का! आणि तू सभेत उभी राहून त्या लोकांना नियम सांगतेस.

तुला काय कळायचं ते कळू दे. रात्रभर पाय मला जगू देत नाहीत. पहाट झाली, चाकाशी बसलो, क्लच-ब्रेकवर पाय चालू झाले की सगळं गप्प होतं. अंगाला थंडावा येतो. आईच्या मांडीवर डोकं ठेवल्यासारखं वाटतं. सबंध दिवसात तेवढीच घटका माझ्या सुखाची आहे, ती मागू नकोस. मागे बाया भजन म्हणत असतात, मीपण ठेका धरतो. एवढी वर्षं एका फुलाला धक्का लागला नाही.

दसऱ्याला तुझ्या दाराला तोरण पाठवतो. राग गिळून टाक आणि धाकट्यावर पूर्वीसारखाच जीव ठेव.

तुझा,
धोंडीराम


इंदिरानगर
२० सप्टेंबर १९९७

चि. सौ. नवसाबाईस अनेक आशीर्वाद.

धोंडीरामचे पत्र आले. आईच्या मांडीवर डोकं ठेवल्यासारखं वाटतं, असे लिहितो. आईच्या मांडीवर मूल काय करते, नवसा? त्याने ते सुख म्हणून लिहिले. वाचल्यापासून मला पाणी गोड लागत नाही. पाय गप्प होतात ती जागा आणि झोप येते ती जागा एकच आहे, हे त्याने स्वतःच्या हाताने कळवले आणि त्याला ते कळलेले नाही.

रविवारी सभेत मी माझा नियम मोडल्याचे सांगितले. सावळीरामने आपला कागद परत मागितला, मी दिला. तो बरोबर होता. पण मी पुढे म्हणाले की झोपलेल्या माणसाला तू झोपलास का, असे विचारून उपयोग नाही. आपली प्रश्नावली अर्धीच आहे. दुसरे पान घरच्यांनी भरायचे. त्यावर बराच आरडाओरडा झाला. शेवटी दाराशी उभी असलेली सावळीरामची बायको आपणहून बोलली. म्हणाली, दुसऱ्या पानावर एकच प्रश्न घाला, याच्या दुखण्यापायी तुम्ही काय काय करता. ती रात्री चालत जाऊन त्याच्या फाटकाची कडी वाजवते. इतकी वर्षे सावळीराम समजत होता की ती चहा द्यायला येते. निघताना त्याने कागद पुन्हा टेबलावर ठेवला.

ते पान सोबत आहे. तू भर. टेम्पोत बसणाऱ्या बायांनाही विचार. हे पत्र पिठाच्या डब्यात ठेवू नकोस.

तुझी,
चंद्रभागा


मळा
३ ऑक्टोबर १९९७

ती. वन्संना शि. सा. न.

पान भरलं, भागीबाई तिकडे आली की तिच्याबरोबर देते. उशीर झाला, मला ताप होता.

भागीबाईला विचारलं, तुम्ही काय करता. म्हणाली, आम्ही काय करणार, काहीच नाय. मग जराशाने म्हणाली, पुलाच्या अलीकडे पत्रा वाजवतो, तेवढंच. केबिनच्या मागचा पत्रा, वन्सं. चांगुणा पितळी थाळीने वाजवते, बाकीच्या हाताने. वर काहीतरी म्हणायला पाहिजे म्हणून भजन म्हणतात. नवी बाई आली की आधी तिला पत्रा कुठं वाजवायचा ते दाखवतात, टोपली कुठं ठेवायची ते मागून. त्यांना माझ्या चिमट्याचं ठाऊक नव्हतं, मला त्यांच्या थाळीचं नव्हतं. मी आत बसून म्हणायचे, बाया किती देवभोळ्या. सगळ्या ओट्यावर बसलो होतो. तिथंच एकेकीचं विचारून पान भरलं.

आता खरं लिहिते. परवा तापामुळे मी गेले नाही. त्या दिवशी पत्रा वाजवला तरी गाडी सरळ झाली नाही. चांगुणाने नाव घेऊन हाका मारल्या तेव्हा झाली. पुलाच्या कठड्याचा दगड पाण्यात गेला. ते घरी येऊन म्हणाले, स्टेअरिंग जड झालंय, मेस्त्रीला दाखवतो.

मला त्यांच्या तोंडावर सांगता येत नाय. लग्न झाल्यापासून मी त्यांचं नावसुद्धा घेतलं नाय, हे कसं घेऊ? बायाही सांगणार नाहीत. माल न्यायला दुसरी गाडी नाही आणि तोडलेला झेंडू थांबत नाय. तुम्ही थोरल्या. तुम्हीच काय ते करा. पोटातलं लिहिलं, पोटातच ठेवा.

आपली,
नवसाबाई


इंदिरानगर
५ ऑक्टोबर १९९७

चि. धोंडीरामास आशीर्वाद.

तू गाडी चालवताना झोपतोस. मागच्या बाया भजन म्हणत नाहीत, तुला उठवतात. बायको हवा खायला येत नाही, तुला चिमटे काढायला येते. तू ठेका धरतोस तो त्यांच्या जिवाच्या भीतीचा आहे. हे मला ज्यांनी सांगितले त्यांना एक शब्द बोलायचा नाही.

तू लबाड नाहीस. दादाही नव्हते. तुला ते आतून दिसत नाही, एवढेच. डॉक्टरांकडे मी तुझ्याबरोबर येते, गोळीला वेळ लागेल. तोवर टेम्पोच्या दोन्ही किल्ल्या माझ्याकडे राहतील. दसऱ्यासाठी म्हसरूळचा चिमाजी ड्रायव्हर बोलून ठेवला आहे, तो बुधवारी मळ्यावर येईल. शेजारच्या बाकावर तू बस आणि वाटेल तेवढा झोप.

रागावलास तरी चालेल. फक्त रागवायला घरी असावास.

तुझी,
आक्का


इंदिरानगर
९ ऑक्टोबर १९९७, सायंकाळ

चि. सौ. नवसाबाईस आशीर्वाद.

हे भागीबाईच्याच हाती परत पाठवते. ती फुले विकून इकडे आली, एसटीत धक्के खाऊन दमलेली दिसत होती, तरी बसली नाही. तिने सगळे सांगितले. माझे पत्र त्याने वाचून चुलीत घातले, चिमाजीला बांधावरूनच माघारी लावले, आणि कालपासून कोणाशी बोलत नाही. तुला केबिनमध्ये बसू देणार नाही म्हणाला, चिमटे नकोत म्हणाला. बायांना सांगितले की पत्रा वाजला तर गाडी तिथेच थांबेल आणि माल रस्त्यावर उतरवीन. उद्या पहाटे दसऱ्याची पहिली खेप आहे.

तू रडत बसू नकोस. मी आज म्हसरूळपर्यंत रिक्षाने येते, पुढे चालत. चालण्याचे मला काय, पाय बसू देत नाहीतच. पुलाच्या अलीकडे, तुम्ही पत्रा वाजवता तिथे, मी रस्त्याच्या मधोमध बॅटरी घेऊन उभी असेन. बायांना म्हणावे, माल उतरवला तर उतरवू दे. चांगुणाला म्हणावे, थाळी आणायला विसरू नकोस.

भागीबाईकडून मिळाले, त्याची ही पोच:

टेम्पोची किल्ली, घुंगरू लावलेली, एक. धोंडीरामचे लायसन्स, तू ट्रंकेतून काढलेले. दुसरे पान, तुझे आणि बायांचे मिळून, नावांशिवाय. झेंडूची टोपली, माझ्या तोरणासाठी, त्याने स्वतः भरून दिलेली.

न मिळालेली वस्तू: दुसरी किल्ली. ती त्याच्या करगोट्याला बांधलेली आहे. भागीबाईबरोबर तुझा निरोप मिळाला की, झोपेत सोडून घ्यावी म्हटले तर घरात तो झोपत नाही. आणि झोपतो तिथे ती किल्ली गाडीला लावलेली असते.

चंद्रभागा