उपडी ताटली

ता. ४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू विचारतेस, कशी आहेस. आहे, इतकंच. हे गेल्यापासून या घरात बोलतात त्या फक्त परसातल्या कोंबड्या. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून असतात.

उंदरांनी मात्र उच्छाद मांडलाय. शेजारच्या कंपाउंडरांच्या बाळाच्या पाळण्याखाली परवा उंदीर निघाला. महिनाअखेर उंदीर गेले नाहीत तर कोंबड्या काढाव्या लागतील, असं ते सांगून गेले. त्यांचंही चूक नाही. पण यांनी पिल्लापासून वाढवलेली पाखरं विकायची म्हणजे यांना दुसऱ्यांदा पोचवून येण्यासारखं आहे. तू जन्मभर कोंबड्या पाळल्यास, काहीतरी सांग.

तुझी माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

धाकटी

ता. ११ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

अगं, उंदीर कोंबड्यांसाठी येत नाहीत, त्यांच्या उष्ट्यासाठी येतात. दाणे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेव. खुराडं विटांवर उचलून घे, म्हणजे खाली बीळ करायला आडोसा राहत नाही. मोठ्या भोकांच्या जाळीने कोंबडी अडते, उंदीर अडत नाही. बोट शिरणार नाही अशी लाव. आणि मुख्य म्हणजे दिवस मावळायच्या आत ताटली धुऊन उपडी घाल. विष आणू नकोस, मेलेला उंदीर कोंबड्याच टोचतील.

झुरळ दिसलं की माझ्या पाठीवर चढणारी तू, आता उंदरांशी दोन हात करतेस. वेळेवर जेवत जा.

तुझी ताई

ता. २० जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सगळं केलं. तरी सकाळी ताटली सरळ असते आणि तिच्यात दाणे असतात.

मागच्या वेळी लिहायचा धीर झाला नाही, तो आता करते. हे कामावरून आले की दाण्याच्या डब्याचं झाकण बोटांनी वाजवायचे. टक टक, टक. कोंबड्या धावत यायच्या. तो आवाज रोज तिन्हीसांजेला येतो, ताई. मी चुलीपाशी असते आणि पाय उचलत नाही. मला त्याची भीती वाटते, आणि तो थांबेल याची त्याहून जास्त.

धाकटी

ता. २६ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

भुताला डबा उघडावा लागत नाही. हे पत्र मिळेल त्या संध्याकाळी चूल सोड आणि परसात जा. मी मनाने तुझ्या मागे उभी आहे.

तुझी ताई

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेले. डब्यापाशी सासूबाई होत्या, भिंतीला धरून उभ्या. म्हणाल्या की मी संध्याकाळी रडते, आणि झाकण वाजलं की गप्प होते, हे त्यांना अंथरुणावरून कळायचं. म्हणून त्या वाजवायच्या. पण झाकण वाजवलं तर दाणे द्यायचेच, मुक्या जिवाला खोटी हाक मारायची नाही, ही त्यांच्या मुलाची शिकवण. सकाळीच पोट भरलेल्या कोंबड्या ते दाणे टाकायच्या आणि उंदरांचं फावायचं. आम्ही दोघी तिथेच पायरीवर बसून रडलो.

आता सकाळचे दाणे निम्मे केलेत, उरलेले संध्याकाळी देतो. झाकण त्याच वाजवतात. ताटली रिकामी होईस्तोवर दोघी बसतो, मग मी ती धुऊन उपडी घालते. उंदीर गेले. कंपाउंडर आता अंडी मागायला येतात.

काल त्यांच्याकडे अंडी द्यायला मीच गेले होते, तेवढ्यात परसातून टक टक, टक ऐकू आलं. सासूबाईंनी एकट्यांनीच उरकलं असं समजून मी सावकाश परतले. त्या पुढच्या दारात माझी वाट पाहत उभ्या होत्या. मलाच विचारू लागल्या की आज झाकण मी का वाजवलं.

आम्ही एकमेकींचा हात धरून मागे गेलो. कोंबड्या खुराड्यात निवांत बसलेल्या. जमिनीवर एक दाणा नव्हता. ताटली धुतलेली आणि उपडी घातलेली होती, अजून ओली.

ताई, हयातीत यांनी स्वतःचं ताटसुद्धा कधी उचललं नव्हतं.

तुझ्या मायेतली,
धाकटी