काँक्रीटवर वाळत घातलेलं भात

प्रिय मनाय रेमेदियोस,

थोरल्या बहिणीचा हात मनातल्या मनात कपाळाला लावून लिहायला बसलोय. तुझे गुडघे कसे आहेत? भावजी अजून खोकतात का? आम्ही सगळे जिवंत आहोत. आमचं छप्पर सध्या शेजाऱ्याच्या आवारात असतं, बाकी ठीक. मोबाइलचा टॉवर आडवा झालाय, म्हणून पत्र डोंगरवाटेनं मोटारसायकलवाल्याबरोबर धाडतोय.

तुझा निरोप मिळाला. वादळ होऊन इतके दिवस झाले, रताळी खाऊन तोंडं रताळ्यासारखी झाली, मदतीच्या तांदळाचा ट्रक कुठे मेला, आणि तू रस्त्याचा मुकादम तरी कसला! मनाय, जरा ऐकून तर घे!

रस्ता झालाय गं. दरडी उपसल्या, वाहून गेलेली मोरी परत बांधली, वळणापर्यंत काँक्रीट ओतलं. (इंजिनियरसाहेब दोनदा आले, दोन्ही वेळा फोटो काढून गेले.) काँक्रीट पक्कं झालं, अडसर काढले, जेवायला गेलो आणि परत येऊन बघतो तर रस्ताच दिसेना! या टोकापासून त्या टोकापर्यंत भात वाळत घातलेलं. एरवी लोक अर्धा रस्ता तरी सोडतात. यंदा सगळ्यांचंच भिजलंय, पोत्यात कोंब फुटायला लागलेत आणि अंगणात गुडघाभर चिखल. अख्ख्या भागात सपाट, कोरडी जागा एकच, ती मी बनवलेली! वाळत्या भातावर चाक घालायचं म्हटल्यावर ड्रायव्हरनं छातीवर क्रुसाची खूण केली आणि इंजिन बंद करून झोपला. म्हणजे तुमचा तांदूळ अडलाय तो भातापायी. (पोती वाटेत उतरवायची नाहीत, तुमच्याच गावात वाटायची, असा हुकूम आहे.) मी ओरडलो, हात जोडले. तर ती म्हातारी लोला बास्योन दाताळं रोवून उभी राहिली. म्हणे, "तुला नागडा बघितलाय मी, माझ्यावर डाफरू नकोस! ट्रक न्यायचाय? ने माझ्या अंगावरून." डोकं फिरायची पाळी आलीय.

तुझा वैतागलेला,
क्रिसांतो

ता.क. तुमचं गाव माझ्यावर मोर्चा आणणार असं कळलं. अडवू नकोस, सगळ्यांना घेऊनच ये. फक्त फलकांऐवजी दाताळी आणा. भात हलवणाऱ्याला वाटा द्यायची आपली रीत आहेच. हात वाढले की लवकर वाळेल, तुमच्याही चुली पेटतील आणि ट्रक सुटेल.

ता.क. पुन्हा. सुरुवात वळणापासून करा, निळ्या ताडपत्रीजवळ. ते भात आपलंच आहे. जेवायला जाता जाता जरासं पसरलं होतं, अगदी कडेला. मुकादमाचं बघूनच आम्ही घातलं असं लोला बास्योन सांगेल. म्हातारीचं काही ऐकू नकोस.