कॅमेऱ्यातले दोन सेल

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मी, सुलभा भास्कर सावे, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळणे, राहणार टोकरखाडा, सिल्वासा, आज एकादशीची पूजा आटोपून, डोकं पूर्ण ठिकाणावर असताना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. येत्या सोमवारी वापीला माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही, पण फॉर्मवर सही मात्र माझी घेतात. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. मुलगा ‘असलं काही लिहू नको’ म्हणाला, ते मी दडपणात धरत नाही. वकिलांनी टाइप करून दिलेला कागद नीटनेटका होता, पण त्यात सेलचं काही नव्हतं, म्हणून त्यावर सही न करता हा दुसरा. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर, दोन खोल्या आणि मागची मोरी, माझ्या नावावर आहे. ते माझा एकुलता मुलगा हर्षल याला द्यावं. जुन्या बाजारातली पिंपळाची गल्ली पाडून तिथे जे व्यापारी संकुल उठायचं आहे, त्याच्या ठेकेदाराकडे हर्षल साइट सुपरवायझर आहे. त्यावरून आमचं दिवाळीपासून धड बोलणं नाही. तरी घराला मी अट घालत नाही. अट घातली की तो अट पाळेल आणि बोलणं कायमचं सोडेल, मी त्याला ओळखते.

२. मंगळसूत्र, दोन पाटल्या आणि देव सूनबाई स्नेहल हिला. देवांना रोज नैवेद्य जमला नाही तरी चालेल, दिवा लावावा. समईत तेल मोजून घालावं, ओतू नये.

३. पोस्टातली ठेव माझ्या औषधपाण्याला आणि क्रियाकर्माला लागेल ती वापरून उरलेली हर्षलला. तेराव्याला पंगत नको. चौकात माझा हात जोडलेला फोटो लावून फ्लेक्स तर मुळीच नको. या घरात चाळीस वर्षं फोटो झाले, त्यात माझे तीन आहेत, ते पुरे.

४. आता मुख्य गोष्ट. माझे कैलासवासी यजमान भास्कर सावे वापीच्या एका दैनिकासाठी सिल्वासाचे फोटो काढत. पेपरला हवी असायची फीत कापलेली, नारळ फोडलेला. तो फोटो ते काढत आणि मग परत येताना बाजारात रेंगाळत. कंपनीची पाळी सुटली की पिंपळाखाली डबे धुणारी पोरं, मंगळवारी किलवणीहून भाजी घेऊन येणाऱ्या बाया, चिंधाचं सायकलचं दुकान. माणसाचं नाव विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही, हा त्यांचा नेम. नाव विचारत, पण लिहून ठेवणं त्यांच्या हातून होत नसे. ते मी करायची. रोलचा नंबर, तिथी, जागा, माणसं. अशा एकोणीस वह्या आहेत. दर रथसप्तमीला सूर्याची पूजा झाली की ते गल्लीच्या तोंडाच्या हॉटेलच्या पायरीवर उभे राहून पुऱ्या गल्लीचा एक फोटो काढत. त्याच पायरीवरून, चौदा वर्षं.

या सर्व निगेटिव्ह (लोखंडी ट्रंकेत, कडुलिंबाच्या पाल्यासकट) आणि एकोणीस वह्या मी चिंधाची मुलगी कावेरी हिला देते. तिला माझं अक्षर वाचता येतं. हर्षलने ट्रंक भंगारवाल्याला द्यायचा विषय दोनदा काढला आहे, म्हणून हे कलम मी ठळक लिहिलं आहे.

५. चिंधा नंदुरबारकडचा, एक्क्याण्णव साली पोटासाठी इथे आला. संकुलात गाळा कोणाला, तर जो दोन हजार सालाच्या आधीपासून गल्लीत बसत होता त्याला, असा नियम काढला. पावत्या कोणाकडे असणार? चिंधा आणि अकरा दुकानदार माझ्याकडे आले. मी ट्रंकेतून रथसप्तमीचे आणि गल्लीतले होळी-दिवाळीचे, पुराचे फोटो काढून दिले. एक्क्याण्णवनंतरच्या प्रत्येक फोटोत चिंधाचं दुकान आहे, आणि पंक्चरच्या टबाशी तो स्वतः.

गाळ्यांच्या सुनावणीला मी ऑफिसात गेले होते, मागच्या बाकावर. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी फोटो एकेक करून टेबलावर मांडले. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात नारंगी आकडे: ८७, १, १. म्हणजे एक जानेवारी सत्त्याऐंशी. सगळ्यांवर तेच.

“चाचा, आप आए इक्यानवे में, और फोटो सत्तासी का?”

साहेबांनी पुढचे उचलले. “और ये देखो, एक ही दिन में होली भी, दिवाली भी, बाढ़ भी! ऐसा कौन सा दिन था?”

सगळे हसले. शिपाईसुद्धा. साहेबांनी शेऱ्यात बनावट असं लिहिलं. माझ्या नवऱ्याचं आयुष्य त्या एका शब्दात गेलं.

कावेरीने वही पुढे केली तर म्हणाले, “ये तो मराठी में है, तिथी लिखी है, मैं पंचांग लेके बैठूँ क्या?”

बाहेर आल्यावर चिंधा मला म्हणाला, “वहिनी, भाऊ खोटा फोटू काढतीन का वो?”

मी म्हटलं, नाही. इतकंच म्हटलं. पुढचं सांगायचं होतं ते मी गिळलं, कारण हर्षल गेटापाशी मोटरसायकल घेऊन उभा होता आणि आदल्या रात्रीच म्हणाला होता, “आई, तू तिथे तोंड उघडलंस तर माझी नोकरी गेली समज.” ते कारण खरं. पण लाजही वाटली, हे त्याहून खरं.

तर आता लिहिते. ते आकडे खोटे पडले ते माझ्यामुळे. त्या कॅमेऱ्यात दोन पेन्सिल सेल लागत. यजमान कामावरून आले की मी सेल काढून घेत असे आणि ट्रान्झिस्टरमध्ये घालत असे. पहाटेची भजनं त्यावर लागायची. सकाळी ते निघायच्या आत पुन्हा कॅमेऱ्यात. सेल काढले की त्या कॅमेऱ्याची तारीख पुसली जाते आणि पहिल्यापासून सुरू होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, सुनावणीच्या बाकावर बसले असताना ते डोक्यात आलं. मला वाटायचं, देवाचं नाव फुकटात ऐकते आहे, यात कोणाचं काय जातं.

तारीख चुकते म्हणून यजमान कॅमेरा विकणाऱ्या वापीच्या दुकानदाराशी भांडले. दोनदा कॅमेरा उघडून बघितला त्याने. तिसऱ्या वेळी त्याला चोर म्हणून आले. त्या दुकानदाराची मी माफी मागते, असला तर. मग एक दिवस म्हणाले, “जाऊ दे. तारीख तुझ्या वहीत आहे.” त्यानंतर ते दोनाऐवजी चार सेल आणू लागले. मी त्यांना उधळे म्हटलं आणि जादाचे दोन डब्यात जपून ठेवले. डब्यात त्यांना पाणी सुटलं. चार का आणत होते, ते मला परवा, सुनावणीहून आल्यावर, भांडी घासताना कळलं. त्यांना माहीत होतं. बोलले नाहीत.

म्हणून मी शपथेवर सांगते की फोटो खरे आहेत, आकडे खोटे आहेत, आणि वहीतल्या तिथी माझ्या हातच्या, त्या त्या दिवशी लिहिलेल्या आहेत. याच मजकुराचं प्रतिज्ञापत्र मी काल ऑफिसात दिलं आहे, पोच घेतली आहे. पुढची सुनावणी सात जानेवारीला आहे. वकील म्हणाले, “मावशी, मग मृत्युपत्रात परत कशाला? हे इथे बसत नाही.” मी म्हटलं, ऑफिसातला कागद हरवतो. मृत्युपत्र हरवत नाही, घर पाहिजे असलेला माणूस ते शोधून काढतो.

हर्षल, हे तुलाच म्हटलं आहे. रागावू नको. नोकरी दुसरी मिळेल. सात तारखेला मी नसले तर कावेरीला ट्रंक उचलवायची नाही, तू मोटरसायकलवरून ने. ही अट नाही. सांगणं आहे.

६. कॅमेरा आणि ट्रान्झिस्टर दोन्ही कावेरीला. दोघांना वेगवेगळे सेल घालावेत.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमच्या शेजारीण, निवृत्त शिक्षिका तेजस्विनी वझे यांनी करावी. चिंधाला साक्षीदार म्हणून सही करायची फार हौस होती. ज्याच्या घरात काही जाणार त्याने साक्ष करू नये, असं वकिलांनी सांगितल्यावर म्हणाला, “वहिनी, मग मी नुसता बसतो.” तो समोर बसला आहे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, दोन ठिकाणी खाडाखोड आहे, तिथे आद्याक्षर केलं आहे.

सही: सुलभा भास्कर सावे

साक्षीदार:
१. डॉ. अरविंद चुरी. बाईंची प्रकृती व मन तपासून, समक्ष सही.
२. मंगेश राऊत, औषधविक्रेते, किलवणी नाका. समक्ष सही.

ठिकाण: सिल्वासा

तिथी: मार्गशीर्ष शुद्ध एकादशी, शके १९४६, बुधवार.
दिनांक: ११ डिसेंबर २०२४. ही तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोनदा पाहून घातली आहे. दोन्ही साक्षीदारांनीही पाहिली आहे, आणि चिंधानेही.